एका बिल्ल्यावर दोघी

जुने शहर, अकोला
ता. ४-९-१९३४

ती. सत्यभामाताईस शकुनचा सा. न. वि. वि.

आठवा लागला. पाय सुजतात, बाकी ठीक. गिरणीत बाळंतिणीला रजा आणि रजेतही मजुरी, असा कायदा आहे. पण आम्ही दोघी जावांनी हजेरीचा एकच बिल्ला वाटून घेतलेला. घरात एक सून हवीच, हा सासूबाईंचा हट्ट. म्हणून सकाळी मी सूत गुंडाळते, दुपारी जमुनाबाई. बिल्ला थोरल्या जमुनाबाईंच्या नावावर, त्यामुळे रजाही त्यांनाच.

सासूबाई म्हणतात, बाळंतपण जमुनाबाईंचंच लिहवू. मुकादम पुंजारामही तयार आहे. मला धीर होत नाही. जमुनाबाईंना मूल नाही. काय करू ते कळव. माया ठेव.

तुझी शकुन

अमरावती
ता. १०-९-१९३४

चि. सौ. शकुन हिस अ. आ.

वेडाबाई, कागदाला कसली भितेस? आपली वांगी दलाल नत्थुजींच्या नावावर बाजारात विकली जातात, म्हणून ती त्यांची झाली का? हो म्हण आणि मुकाट्याने पाय वर करून पड. यंदा फुलकोबीला कीड आहे, यांचा जीव त्यातच. बाळाची दुपटी शिवते आहे. जीव जप.

तुझी ताई

अकोला
ता. २-११-१९३४

ती. ताईस सा. न.

मुलगा झाला, पंधरा दिवस झाले. बाराव्या दिवशी मी गिरणीत गेले. रजेवर जमुनाबाई, त्यांनी घरीच दिसायला हवं. त्यांच्या जागी बदली म्हणून मी, आता दिवसभर. दुपारी चोळी भिजते, लुगड्याचा पदर घट्ट ओढून घेते. बाळाला शेळीचं दूध देतात. परवा मी त्याला जवळ घेतलं, तर तोंड फिरवून रडला.

रात्रीही तो त्यांच्याजवळ असतो. मी मागितला, तर सासूबाई म्हणाल्या, "साहेब तपासाले आला अन् कागद खोटा निघाला, तं दोघींचंही काम जाईन." हे खाली मान घालून जेवतात. ताई, तू ये. मला माझं मूल हवं आहे.

शकुन

अकोला
ता. १०-११-१९३४

सौ. सत्यभामाबाई यांस जमुनाचा नमस्कार.

शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेते आहे. येत्या गुरुवारी बाळाचं बारसं योजलं आहे. गल्लीतल्या बाया काही बोलतात, बोलोत. म्युनिसिपालटीच्या जन्मनोंदीत आईच्या जागी माझं नाव आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत माझ्या मांडीवर कोणी निजलं नव्हतं. शकुन लहान आहे, तिला आणखी होतील. मी काही वाईट करते, असं मनात आणू नका.

तुम्ही शिवलेली दुपटी बाळाला बरोबर झाली. शकुनला त्या दिवशी गिरणी आहे, तिला यायला जमणार नाही. तुम्ही मात्र अवश्य यावं. बाळाच्या काकूच्या माहेरचं कोणीतरी हवं.

आपली,
जमुना