समोरची खुर्ची

चि. भिंगरीस,
तुझ्या थकल्या मामाचे भरभरून आशीर्वाद.

आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारतो, मग माझं रडगाणं. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं मी सांगितलं की ती मुद्दाम दोनदा चढते, ही तिची लहानपणापासूनची खोड, तेव्हा हा निरोप माझा म्हणून सांगू नकोस. जावईबापूंचा खोकला गेला, की अजून रोज संध्याकाळी पाहुण्यासारखा येऊन बसतो? सासूबाईंना कानाचं यंत्र आणलंत ते उत्तम केलंत (आता घरात जपून बोला). धाकटीचा पुढचा दात आला का? आणि तू कशी आहेस? हॉटेलचा हॉल सांभाळणाऱ्या माणसाला तब्येत कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. संध्याकाळी पावलं सुजतात ना? बूट एक नंबर मोठा घे.

तुला हॉलची मॅनेजर केलं हे वाचून डोळे भरून आले. उत्तम मॅनेजर कशाने होतो ते पाच मुद्द्यांत लिहून पाठव, भिंतीवर लावते, असं तू म्हणतेस. पोरी, विचारायला वेळ तेवढी चुकीची निवडलीस. मी सध्या घरी आहे. धाकट्या मालकांनी जरा विश्रांती घ्या, सोमवारी बोलू, असं सांगितलंय. ज्या दाराशी एकतीस वर्षं उभा राहिलो तिथे पुन्हा उभं राहायला मिळणार की नाही, ते सोमवारी कळेल. जीव टांगणीला लागलाय. तेव्हा माझा उपदेश म्हणजे गटांगळ्या खाणाऱ्याने काठावरच्याला पोहायला शिकवण्यातला प्रकार आहे, हे ध्यानात ठेवून वाच.

मी हे कुठल्या शाळेत शिकलो नाही. बघत गेलो, चुकत गेलो. गिऱ्हाईक काय मागवतं ते वेटर लक्षात ठेवतो, ताटात काय टाकून जातं ते आपण लक्षात ठेवायचं. आणि धावायचं नाही. मॅनेजर धावला की लोकांना वाटतं आग लागली. (आमच्याकडे एक वेटर आहे, त्याला सगळे वादळ म्हणतात. तो सूप घेऊन निघाला की निम्मं वाटेतल्या लोकांना मिळतं. त्याला मी नऊ वर्षं हळू चालायला शिकवतोय. आता तो हळू सांडतो.) पण ज्याचा मला खरा गर्व होता ती गोष्ट वेगळीच. एकटं माणूस जेवायला आलं की समोरची रिकामी खुर्ची त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसते. घास उतरत नाही. म्हणून त्याचं लक्ष नसताना ती खुर्ची हळूच उचलायची आणि फुलदाणी मधे सरकवायची. त्याला काही कळत नाही, पण तो पोटभर जेवतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मला सुचलं होतं. याच हुशारीने माझा घात केला.

परवाच्या बुधवारी दुपारी, हॉल गच्च भरलेला असताना, एक गृहस्थ एकटेच आले. इस्त्रीचा शर्ट, हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूण. खिडकीजवळ बसले आणि समोरच्या खुर्चीकडे टक लावून बघत राहिले. मेनूकार्ड उघडलं नाही. पाणी दोनदा प्यायले, हात दोनदा धुऊन आले. (हा माणूस वाट बघतोय हे आता कुणालाही कळेल. आता मलाही कळतं.) तिसऱ्यांदा हात धुवायला गेले तेव्हा मी माझं सत्कृत्य उरकलं. खुर्ची उचलली, समोरचं ताट उचललं, फुलदाणी मधे ठेवली. इतक्यात दारात एक बाई आल्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. एक ताट, एक ग्लास, एक खुर्ची आणि तिच्या पाठीला अडकवलेला ओळखीचा कोट. चष्मा पुसायला लागतो तेवढा वेळ त्या उभ्या राहिल्या आणि वळल्या. मी अदबीने दार उघडून धरलं. पुन्हा या, असंही म्हणालो.

गृहस्थ ओल्या हातांनी परत आले आणि उभेच राहिले. म्हणाले, "इथली खुर्ची कुठे गेली?" मग एकेक करून सगळं कळलं. बायको आठ महिन्यांपूर्वी भावाकडे निघून गेलेली. किती विनवण्या केल्यावर तिने एवढंच कबूल केलेलं, की एकदा समोरासमोर बसून जेवू, मग काय ते ठरवू. समोरासमोर, भिंगरे. आणि समोर मी फुलदाणी ठेवलेली. त्यांनी फोन लावला, तिने उचलला नाही.

मग मी धावलो. खुर्ची घेऊन धावलो. खुर्ची कशाला, असं विचारू नकोस. ती दाखवली की बाईंना पटेल असं त्या क्षणी वाटलं. साठी उलटलेला, गळ्यात बो बांधलेला माणूस डोक्यावर खुर्ची धरून, बाई, खुर्ची आहे, खुर्ची आहे, असं ओरडत भर रस्त्याने पळतोय, एवढं डोळ्यांसमोर आण आणि पुढे वाच. थांब्यावर पोचलो तोवर बस सुटली. मागच्या काचेतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं (खुर्च्या विकणारा समजल्या असाव्यात). तिथेच खुर्ची टेकवली आणि बसलो. एका आजोबांनी विचारलं, रांग इथूनच का. मी हो म्हणालो (सवय). ते माझ्यामागे उभे राहिले, त्यांच्यामागे आणखी चौघं. नेमकी तेव्हाच धाकट्या मालकांची गाडी तिथून गेली. ऐन गर्दीच्या वेळी आपला मॅनेजर, आपल्या हॉलची खुर्ची टाकून, बसथांब्यावर रांग लावून बसलाय, हे त्यांनी पाहिलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी गाडी थांबवली, उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, तुम्ही दमलात." इतक्या मायेने घाव घालता येतो हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी आणि मी जेवायला समोरासमोर बसलो. असं शेवटचं कधी बसलो होतो ते दोघांनाही आठवेना. कुठे बघावं तेही कळेना. शेवटी मी उठून तिच्या बाजूला अदबीने उभा राहिलो आणि सगळं मनासारखं आहे ना, असं विचारलं (तोंडातून निघून गेलं). ती म्हणाली, स्वयंपाक मीच केलाय, बसा आता. मग बोलता बोलता तिने सांगितलं, की माझी वाट बघणं तिने पहिल्याच वर्षी सोडलं. दोन्ही वेळा एकटी जेवायची. माझ्या खुर्चीवर शिवणाची पिशवी ठेवायची, म्हणजे कुणी बसल्यासारखं वाटतं. तक्रार म्हणून नाही, आमटीत मीठ कमी पडलंय का, असं विचारावं त्या सुरात. परक्या माणसांसमोरच्या खुर्च्या मी एकतीस वर्षं उचलत होतो, आणि माझ्याच घरातली रिकामी खुर्ची त्या बाईच्या तोंडाकडे रोज बघत बसलेली. मला पुढचा घास गेला नाही.

तेव्हा पाच मुद्दे राहू देत. खुर्ची उचलण्याआधी विचार, एवढंच भिंतीवर लाव.

तुझा,
मामा

ता. क. वर ज्या सोमवारचं लिहिलंय तो होऊन तीन आठवडे झाले, तुला सांगायची लाज वाटली. बुधवारही त्याच्याच आधीचा. नवीन मॅनेजर आलाय, तरुण आहे, तोही कानाला यंत्र लावतो (सासूबाईंच्यासारखं नव्हे, फोनचं). वादळ भेटला होता. ते गृहस्थ पुन्हा येऊन बसले होते म्हणाला, समोर खुर्चीही होती. बाई आल्या का विचारलं, तर आठवत नाही म्हणे. नऊ वर्षं शिकवलं मी याला.

ता. क. दुसरा. एवढं लांबण लावलं ते एका कारणासाठी. तुझ्या हॉलच्या दाराशी एखादा म्हातारा उभा करायला जागा असेल तर कळव. ग्लास पुसेन, टेबलक्लॉथच्या घड्या घालेन, खुर्चीला हात लावणार नाही. झोपायला कुठलाही कोपरा चालेल. मामी इथेच राहील, तिला सवय आहे.

ता. क. शेवटचा. चुका तपासायला पत्र मामीकडे दिलं. तिने सगळं वाचलं, खुर्ची घेऊन पळालो तिथे हसलीसुद्धा. "तिला सवय आहे" पाशी थांबली. चष्मा काढून म्हणाली, "जायचं तर जा. पण जाताना समोरची खुर्ची तेवढी उचलून ठेवा." आणि आत गेली. मी उठून खुर्चीला हात घातला. तिच्यावर पिशवी नव्हती. कधीपासून नाही, कोण जाणे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खुर्ची जागेवरच आहे, तिच्यावर बसून हे लिहितोय.

तेव्हा भिंगरे, जागा नाही, असंच कळव. असली तरी. सगळ्यांना या, या म्हणून हे तोंड बिघडलंय, माझं मलाच नाही म्हणता येत नाही. तू सांग. कसं सांगायचं ते मीच तुला शिकवलंय, चेहरा न पाडता, आज सगळी टेबलं भरली आहेत म्हणून. फक्त उशीर करू नकोस. मामी काही विचारणार नाही, पण टपाल आलं की ताटं मांडता मांडता थांबेल. परतीच्या टपालाने उत्तर धाड.