बंदूक लावली होती

प्रिय माय,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीत फोटोपुढे ठेवलेल्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. ‘त्यांनी बाबांना बंदूक लावली,’ असं. बाबांना नव्हती लावली, सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, भिंतीला लावली होती. तू तिथेच होतीस, तुला काय सांगायचं! पण आता कोर्टात माझी साक्ष लागली आहे, म्हणून आधी तुझ्याजवळ दुरुस्त करते.

बाबांच्या जामिनाच्या वेळी मी वकिलांच्या कारकुनाला म्हटलं, “बंदूक लावली होती.” त्याने शपथपत्रात टाइप केलं, ‘वडिलांना बंदूक लावली होती.’ सही करण्याआधी दोनदा वाचायचं, हे तूच चुलीजवळ बसवून शिकवलंस. दोनदा वाचलं गं! तरी सही केली. बाबा सुटावेत म्हणून केली का? खरंच कळत नाही.

जंगलातून पाच नक्षलवादी आले होते. एकाने पाणी मागितलं, बंदूक भिंतीला लावली, तुझ्या हातून तांब्या घेतला. मग म्हणाला, “चाल भाऊ, नाल्यापर्यंत वाट दाखव.” बाकीचे चौघे बंदुका घेऊन अंगणात उभे. मारू असं कोणीच म्हणालं नाही. बाबांनी खाटेखालची दुसरी चप्पल शोधली, घातली आणि निघाले. घाबरलेला माणूस चप्पल शोधतो का, माय?

त्यांना वाट दाखवली म्हणून बाबांवर केस झाली. वकील म्हणतात, जबरदस्तीने केलं असं कोर्टाला पटवायचं, तर त्याच घडीला जीव जाईल अशी भीती पाहिजे. उद्या येऊन मारतील, ही भीती चालत नाही.

मी कारकुनाला म्हटलं, “पण बंदूक भिंतीले लावली होती, भाऊ.”

“मंग? कागदात लावली हाये, तं लावली! भिंत कायले मधात आणून राह्यली? साक्षीदार हायेस का सरकारी वकील?”

बाबांना विचारलं, तर चिडले. “भेव काय मोजून वाटते का वं?” मग म्हणाले, “जे पाह्यलं थे सांग. फक्त माह्या बापाले भेव नवता, असं नोको सांगू.”

मी त्यांची पाठच पाहिली. चेहरा तुला दिसला होता. मग जाईपर्यंत त्या दिवसाबद्दल एक शब्द का नाही बोललीस? माझ्यावर काऊन टाकून गेलीस सगळं?

खरं सांगितलं आणि बाबा परत जेलात गेले, तर मी घरात कशी राहू? खोटं सांगून ते सुटले, तर त्यांना वाढताना वर कशी पाहू? अंगणातल्या चार बंदुका पुरेशा आहेत का, हे मला ठरवता येत नाही. ते न्यायाधीशांनी ठरवावं.

शब्द देते, माय. शपथपत्रातलं वाक्य चुकीचं आहे, हे मी स्वतःहून सांगेन. भिंत सांगेन, चप्पल सांगेन, अंगणातले चौघेही सांगेन. वकिलांना आदल्या दिवशीच कळवेन, त्यांना फसवणार नाही. साक्ष येत्या मंगळवारी आहे. मंगळवारीच सांगेन.

तुझी,
सुजाता