दुखऱ्या खांद्याचं तेल

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २१ जानेवारी १९७४

चि. शिवशरण यास गिरिजाअक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत मिळालं, म्हणून उत्तराला उशीर. यंदा आम्ही नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेलो नाही. यांचा उजवा खांदा अजून तसाच आहे. सव्वीस वर्षं मागावर उभं राहून काढली, आता हात कानाच्या वर जात नाही. कपाळाला विभूती मीच लावते. पहिल्या दिवशी हसले, दुसऱ्या दिवशी डोळे मिटून घेतले. आता नुसते समोर येऊन उभे राहतात. दीड महिना झाला, चादरीच्या कारखान्याला गेले नाहीत. भिंतीला टेकून बसतात. कुणी आलं की बरं आहे म्हणून सांगतात.

आता कामाचं. बाळीवेशीतल्या शिवयोगी वैद्यांनी एक तेल सांगितलं आहे. तिळाच्या तेलात निर्गुडी आणि भांगेचा पाला घालून मंद आचेवर आटवायचं आणि खांद्याला चोळायचं. पाला तेच देतात, त्यांच्याकडे सरकारी परवाना आहे. पण शेजारची शरणम्मा म्हणते की लिंगायताच्या घरात भांग कसली शिजवतेस, उद्या पोलीस येतील आणि तुझा नवरा नशेत माग चालवील. तू कंपाउंडर, रोज डॉक्टरांच्या शेजारी असतोस. चोळल्यानं नशा चढते का ते विचारून लगेच लिही. पातेलं अजून चुलीवर ठेवलेलं नाही.

महानंदाला आणि पोरांना आशीर्वाद. तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे आहेत.

तुझी अक्का
गिरिजा

•

मंगळवेढे
ता. २७ जानेवारी १९७४

ती. गिरिजाअक्कांस शिवशरणचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. शरणम्माबाईंचं वाक्य ऐकून ते चष्मा काढून हसले. म्हणाले, वरून चोळलेलं तेल डोक्यात जाऊन बसेल असं काही वाटत नाही. पण पोटात जाऊ देऊ नये, जखमेवर लावू नये, आणि लावणाऱ्यानं चुलीपाशी जाण्याआधी हात साबणानं धुवावेत. गुण येईल का, असं विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. जुन्या लोकांना येतो म्हणतात, मी शिकलेल्या पुस्तकात नाही, असं म्हणाले. पाला मात्र परवानेवाल्या वैद्यांकडूनच घे, दुसऱ्या कुणाकडून नको.

अक्का, एक गोष्ट माझ्या पदरची. इथं रोज बघतो, दुखणं थांबलं की माणसाला वाटतं आपण बरे झालो. दाजींचा खांदा झिजला आहे. तेलानं दुखायचं थांबेल, झिजलेलं भरून येणार नाही. त्यांना बसू दे. मागाला काय, चालवायला दुसरा कुणीही मिळेल.

इकडे ज्वारी कणसात भरली आहे. हुरड्याला यावं असं महानंदा म्हणते. तू येणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी तिचा निरोप पोचवला. दाजींना नमस्कार.

तुझा
शिवशरण

•

सोलापूर
ता. २४ फेब्रुवारी १९७४

चि. शिवशरण यास अ. उ. आ.

तेल केलं. घरभर हिरवा, उग्र वास सुटला. शरणम्मानं दोन दिवस आमच्या दाराकडे पाठ करून भांडी घासली. रोज दोन वेळा चोळलं. आठव्या दिवशी सकाळी मी विभूती घेऊन गेले तर यांच्या कपाळावर तिन्ही बोटं ओढलेली होती. थोडी वाकडी, पण त्यांच्याच हातानं. मी आत जाऊन पदरात रडून घेतलं. नशा वगैरे काही नाही. शरणम्माच आता विचारते की टाचेला चालेल का.

पण पुढचं ऐक. पंधराव्या दिवशी हे कारखान्यात गेले. मी तुझं पत्र पुढं धरलं, तर म्हणाले की शिवशरणला गोळ्या मोजायला कळतं, मागाचं त्याला काय कळणार. तुझा राग येऊन बोलले नाहीत, मनावर घेऊ नकोस. पहिले दोन-तीन दिवस दोन मागांवर होते. मग एक माणूस काम सोडून गेला आणि माग वाटून देणाऱ्या जॉबर सिद्धारामनं यांच्याकडे चार माग दिले. वर पाळीला पाळी जोडून. नाही म्हणायला यांना आजवर कधी जमलंच नाही. आता येतात, सदरा काढतात, काही न बोलता खांदा पुढं करतात. मी चोळते. जेवतात, झोपतात, उठून जातात. मागाला तेल घालणारा माणूस कारखान्यात असतो ना, तशी मी झाले आहे रे. दुखत होतं तेव्हा निदान घरात होते. दोन शब्द बोलत होते.

माझ्या अंगातलंही बळ सरलं आहे. पाला आणायचा, निवडायचा, दोन तास आचेपाशी बसायचं. जाऊ दे. तुझ्याजवळ नाही बोलायचं तर कुणाजवळ?

अक्काला विसरू नकोस.

गिरिजा

•

सोलापूर
ता. १७ मार्च १९७४

चि. शिवशरण यास अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. हे पत्र महानंदाला दाखवू नकोस.

मी एक वाईट काम केलं आहे. आज बारा दिवस झाले, तेलात भांगेचा पाला घालत नाही. नुसती निर्गुडी घालते, रंग हिरवा येतो. यांना काही सांगितलं नाही. मला वाटलं, दुखणं परत येईल, मग हे आपण होऊन घरी बसतील. माझ्या बोलण्यानं नाही बसले तर खांद्याच्या बोलण्यानं तरी बसतील.

दुखणं परत आलं आहे, ते मला दिसतं. परवा सदरा काढताना ओठ दातात धरला होता. काल धोतराचा काष्टा डाव्या हातानं खोचला. पण कामावर जातातच. आणि रोज चोळून झालं की म्हणतात, तेल लई बरं झालंय बघ आजचं. त्यांनी असं म्हटलं की माझा हात तिथंच थांबतो. शिवशरण, नवऱ्याला दुखावं म्हणून वाट बघणारी बाई कसली? पाला परत घातला तर त्यांना मागाच्या हवाली केल्यासारखं होतं, नाही घातला तर मीच त्यांना छळते. रोज सकाळी पातेल्यापाशी उभी राहते आणि काही सुचत नाही.

तू रागावलास तरी चालेल, पण लिही.

गिरिजा

•

मंगळवेढे
ता. २१ मार्च १९७४

ती. अक्कांस शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचून फाडून टाकलं. महानंदाला कळणार नाही.

रागावण्याचा मला अधिकार नाही. आमच्या दवाखान्यात कधी कधी औषधाच्या नावाखाली रंगीत पाण्याची बाटली जाते, आणि ती मीच भरून देतो. एक म्हातारी दर आठवड्याला येऊन सांगते की तुमच्या औषधानं गुण आला. त्या दिवशी मला जेवण जात नाही. म्हणून तुझं काय होत असेल ते कळतं.

पण अक्का, हे तू एकटीनं ठरवायचं नव्हतं. खांदा दाजींचा आहे. आज त्यांना सांग. काय सांगायचं ते घोळत बसू नकोस, जसं मला लिहिलंस तसंच सांग. दुखावं म्हणून पाला काढला हे सांग, आणि का काढला तेही सांग. घरी बसा, असं तू त्यांना सांगितलंस. मला एकटं वाटतं, असं कधी सांगितलं आहेस का? मला लिहितेस, त्यांना नाही. मी दाजींना पत्र घालू शकतो, पण ते माझ्याकडून जाणं बरं नव्हे.

आणि पुन्हा लिहितो, पंधरा दिवस दोघंही इकडे या. सकाळच्या एस.टी.त बसायचं एवढंच काम आहे.

तुझा धाकटा
शिवशरण

•

सोलापूर
ता. ७ एप्रिल १९७४

चि. शिवशरण यास अ. उ. आ.

सांगितलं. तुझं पत्र आलं त्यानंतरचा सोमवार होता, हे पूजा करून नुकतेच उठले होते. मी उभ्या उभ्याच सगळं बोलले. मधे थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या पाल्याचा वास काय लपतो? मी विचारलं, मग बोलला का नाहीत. तर म्हणाले की मला वाटलं तू दमलीस. बाळीवेशीपर्यंत जाऊन पाला आणायचं, चुलीपाशी बसायचं तुझ्यानं होईना, आणि तसं सांगायला तुला जड जात असेल. म्हणून तेल चांगलं आहे म्हणत होतो, तुला वाईट वाटू नये म्हणून.

शिवशरण, बारा दिवस नव्हे, तोवर तीन आठवडे होत आले होते. तेवढे दिवस तो माणूस दुखऱ्या खांद्यानं चार माग चालवत होता आणि घरी येऊन माझ्या तेलाची तारीफ करत होता. मला दिसत होतं ते नुसतं त्यांचं न बोलणं. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे एकटं वाटण्याचंही बोलले. त्या दिवशी हे कामावर उशिरा गेले. सव्वीस वर्षांत प्रथमच.

दुसऱ्या दिवशी मालकांना भेटले. दोनच माग द्या म्हणाले. मालक म्हणाले चार, नाहीतर घडी खात्यात बसा. तिथं चादरींच्या घड्या घालायचं काम असतं, सगळ्या बायका. पगारही उतरला. जुने मागवाले हसले म्हणतात. यांनी घडी खातं घेतलं. मला येऊन एवढंच सांगितलं की तिथं बसायला चटई असते. आता मी पाल्याचं तेल परत करते, पण एकच वेळ चोळते, आणि पाला आणायला दोघं जातो. खांदा पूर्ण बरा होणार नाही, हे दोघांना कळून चुकलं आहे.

घडी खातं पाच वाजता सुटतं. पहिल्या दिवशी हे उन्हं असतानाच घरी आले. हातपाय धुतले, पायरीवर बसले, थोड्या वेळानं उठून आत आले, परत जाऊन बसले. मग मला विचारलं की या वेळेला घरी असलेली माणसं काय करतात. यावेळी घरात कुणी असण्याची मलाही सवय नव्हती. मी शेंगा पाखडत होते ते सूप बाजूला ठेवलं आणि शेजारी जाऊन बसले. दोघंही रस्त्याकडे बघत होतो. सायकली घराकडे चालल्या होत्या.

येत्या शनिवारच्या एस.टी.नं निघतो. महानंदाला सांग, जास्तीचं काही करू नको म्हणावं, आम्ही नुसते झोपायला येतो आहोत. तुम्हा सगळ्यांवर माया आहे, तुमचीही आमच्यावर राहू दे.

तुझी
गिरिजाअक्का