केशरबाईंचे डोळे

पातूर,
१० नोव्हेंबर १९६१

ती. धर्मपालदादास,
ललिताचा सविनय जयभीम. वि. वि.

अकोल्याच्या नेत्रशिबिराचं तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, की तुह्या भावाले सांग, मी काई बकरी नाई कापाले! मागे एका फिरत्या वैदूनं गावातल्या नत्थुजींच्या मोतीबिंदूत सुई घातली अन् डोळाच गेला. तेव्हापासून गाव धसकलं आहे. आमचे हे त्यांना समजावून थकले. परवा भाकर टाकताना सासूबाईंचा हात तव्यावर पोळला. काय करू?

धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नका.
ललिता

राजापेठ, अमरावती,
१७ नोव्हेंबर १९६१

चि. ललितास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

केशरबाईंशी भांडू नकोस. मी दवाखान्यात पट्ट्या बांधतो तेव्हा पाहतो, भिंतीवरचा कागद वाचून क्वचितच कोणी येतं. येतं ते बऱ्या झालेल्या शेजाऱ्याचं बोट धरून. आपल्या जाईमावशीचं ऑपरेशन गेल्या साली झालं. तिलाच तुझ्याकडे पाठवतो. तिच्या बडबडीला तू कंटाळायचीस, आता सोस!

देवमनरावांना जयभीम. लोभ आहेच, तो वाढव.
धर्मपाल

पातूर,
५ मार्च १९६२

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

उशीर झाला, रागावू नका. मावशीनं ऑपरेशनचं नावच काढलं नाही. सासूबाईंची फाटकी गोधडी घेतली अन् सुईत दोरा ओवला. सासूबाईंनी सुई चाचपून पाहिली. तुले खरंच दिसते, असं पुन्हा पुन्हा विचारलं. मग दुखते काय, म्हणाल्या. मावशी खोटं बोलली नाही. डोकं हलू नये म्हणून दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून निजावं लागते, भेवही वाटते, असं सांगितलं. तरी सासूबाई अकोल्याच्या शिबिराला गेल्या अन् ऑपरेशन करून आल्या.

चष्मा लागला तेव्हा माझं तोंड धरून बघत राहिल्या. सून होऊन चार वर्षं झाली, पण मला त्यांनी पाहिलंच नव्हतं. मग यांच्यावर ओरडल्या, की देवमन, इले जेवाले देत नाई का?

आता त्या घरोघर जातात. नत्थुजी दुसऱ्या डोळ्यासाठी तयार झाले. पाटलांच्या आई लीलाबाईंनाही मोतीबिंदू, त्यांनीही बोलावणं धाडलं. त्यांच्या ओसरीवर आपलं कोणी कधी चढलं नाही. सासूबाई अंगणातच थांबल्या. लीलाबाईंनी त्यांना वर बोलावून जवळ बसवलं अन् हळूच विचारलं, की तू संगं येशीन का?

आज दोघी अकोल्याला गेल्या. मी मोटारीपर्यंत पोचवायला गेले होते. साऱ्या गावादेखत लीलाबाईंनी सासूबाईंचा हात घट्ट धरला होता, अन् मोटार दिसेनाशी होईपर्यंत तो सुटलेला मी पाहिला नाही.

मावशीला माझा जयभीम. असाच जीव लावा.
ललिता