सांगवी, खालची फळी

अप्पा, सांगवीच्या लग्नाचे फोटो गेले. तुमच्या स्टुडिओतून इतक्या वर्षांत कुणाचं फोटोंचं एक पाकीट हरवलं नव्हतं, आणि माझ्या हातून अख्खं लग्न गेलं. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, हे कालपासून मनात चाललंय आणि काही सुचत नाही. जेवण जात नाही.

आता तुमच्या वेळेसारखी पाकिटं नाहीत, फळ्या नाहीत. म्हणजे फळ्या आहेत अजून, त्यावर धूळ खातायत. फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर असतात, तिथून कॉम्प्युटरवर न्यायचे, मग कार्ड पुसून पुढच्या कामाला घ्यायचं. हेच दर वेळी करून कंटाळा आला म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून एक छोटा प्रोग्राम लिहायला शिकले. लग्नसराईत आपल्या वडगावातल्या वडगावात मला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हटलं आईलाही चालवता यावा. पडद्यावर काळी खिडकी उघडते, ती विचारते, "फोटो कुठं ठेवू?" आपण जागा लिहायची, की तो फोटो तिथं उतरवतो, "झालं" म्हणतो आणि कार्ड पुसून टाकतो. काय मिरवले होते मी अप्पा! आईला म्हणाले, बघ, तुझ्या लेकीनं यंत्राला मराठी बोलायला लावलं.

तुम्हाला आठवतं का, मागच्या खोलीत आई भाकरी थापत असायची आणि पुढून तुम्ही हाक मारायचा, "अगं, सांगवीचं कुठं ठेवू?" आई तिथूनच, पिठाचे हात तसेच, सांगायची, "सांगवी, खालची फळी." तुम्ही परत म्हणायचा, "खालची फळी. व्हय ना?" आणि आतून "व्हय" आल्याशिवाय तुमच्या हातातलं पाकीट सुटायचं नाही. मला हसू यायचं. एकदा आई गिरणीत गेलेली, आणि तुम्ही पाकीट हातात धरून दारात उभे. मी म्हणाले, अहो ठेवा ना कुठंही. तुम्ही केवढ्यानं खेकसलात माझ्यावर! "ठेवायला काय जातंय? उद्या हुडकायचंय तुझ्या आईला." मी फुरंगटून बसले. आई आली, पिठाचा डबा डोक्यावरून उतरायच्या आत तुम्ही विचारलं, तिनं सांगितलं, मग कुठं तुमचे हात मोकळे झाले.

सांगवीचं लग्न झालं आणि लगेच मला इंदापूरला डोहाळजेवणाचे फोटो काढायला जायचं होतं. उशीर झालेला. मी आंघोळीला पळाले आणि आईला म्हणाले, तेवढं सांगवीचं कार्ड रिकामं कर गं. यंत्रानं तिला विचारलं, कुठं ठेवू? तिनं लिहिलं, मोबाइलवर लिहिते तसं इंग्रजी अक्षरांत, सांगवी खालची फळी. तिला आयुष्यभर हाच प्रश्न विचारला गेलाय, अप्पा. तिनं तेच उत्तर दिलं.

मी स्वतः चालवायचे तेव्हा नेहमी सगळा पत्ता लिहायचे, डी ड्राइव्हपासून, त्यातला फोटोंचा फोल्डर, त्यातलं गाव. तसा लिहिलाच पाहिजे हे मला माहीत होतं, यंत्राला मात्र मी ते सांगितलंच नव्हतं. वर माझा शहाणपणा असा, की कार्डाचं नाव सारखं लिहायला नको म्हणून मी प्रोग्रामला सुरुवातीलाच कार्डावर नेऊन उभं केलं होतं. तिथं उभं असताना त्याला नुसतं नाव सांगितलं, की तो ती जागा तिथल्या तिथंच धरतो. त्यानं कार्डावरच 'सांगवी खालची फळी' नावाचा नवा फोल्डर केला, सगळे फोटो इमानदारीत त्यात ठेवले, "झालं" म्हणाला आणि कार्ड पुसलं. फोल्डरसकट. एका शब्दानं विचारलं नाही, की बाई, इथं ठेवतोय, चालेल ना? कारण विचारायला मी शिकवलं नव्हतं. आणि मी केस पुसत आले, कार्ड घेतलं, त्याच कार्डावर इंदापूरचं डोहाळजेवण काढून आणलं.

मग सांगवीच्या नवरीचे वडील वारले. लग्नाला महिनाही झाला नव्हता. परवा ती वालचंदनगरच्या सासरहून एसटीनं आली, चुलत्याला घेऊन. डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, अल्बम होईल तेव्हा होऊ द्या. पाठवणीला मी दादांच्या गळ्यात पडले होते ना, तेवढा एक आज द्या. त्यांनी मला कधी जवळ घेतलं न्हवतं वो, त्याच दिवशी घेतलं." मी कॉम्प्युटर उघडला आणि सांगवी कुठंच नाही. दोघांना बसवून सगळं पालथं घातलं. उद्या या म्हणाले, ती गेल्यावर आईला धरलं. काय लिहिलंस? काय लिहिलंस तू? आई भेदरून म्हणाली, "त्यानं इचारलं कुठं ठेवू. मी तुझ्या अप्पास्नी सांगायची तसंच सांगितलं. त्यो झालं म्हनला." आणि मी ओरडले तिच्यावर, अप्पा. तुझं डोकं ठिकाणावर आहे का, असं म्हणाले.

पुसलेले फोटो परत काढायचे उपाय असतात, ते सगळे केले. बरेचसे डोहाळजेवणाखाली गेले. पाठवणीचा तेवढा एक आला, तोही वरचा निम्मा. वडिलांचा फेटा, भरलेले डोळे, हनुवटी, आणि त्याखाली सगळं करडं. तिच्या गजऱ्याची एक कड तेवढी दिसते. काल ती आली. फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, यात मी कुठाय?"

मागून आई आली, तिनं त्या पोरीचे हात धरले आणि म्हणाली, "बाय माझे, माझ्या हातनं झालं. मला कळत न्हाय त्यातलं, मी कशाला हात लावला." पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली. चुलता एवढंच म्हणाला, "म्हाताऱ्या मान्साच्या हातात देऊ नये वो असलं." मी मान हलवली, अप्पा. हो म्हणाले.

आज सकाळी प्रोग्राम दुरुस्त केला. आता अर्धवट पत्ता दिला तर तो अडून बसतो. जागा नसेल तर आपल्या मनानं नवी करत नाही. सगळा पत्ता लिहून दाखवतो, खाली विचारतो, "इथंच. व्हय ना?" आणि उत्तर येईपर्यंत हातातलं सोडत नाही. फोटो पोचले का हे मोजल्याशिवाय कार्डाला हात लावत नाही. आई खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती, हात धरून बसवलं. तिनं ती ओळ वाचली. परत वाचली. मग पडद्याकडं बघून तोंडानं म्हणाली, "व्हय." आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली. मी मागून हात घालून बटण दाबलं. ती उठली आणि दळण घेऊन गिरणीत गेली.

चूक तिची नव्हती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे तुम्हाला लिहिलेले कागद तुमच्या फोटोमागं ठेवणार होते, पण तो फोटो रोज तीच पुसते. मघापासून हातात धरून दारात उभी आहे. ती येईल आता, डबा उतरवेल. मग तिलाच विचारावं लागेल, कुठं ठेवू.