मी घाबरले, असं छापून आलं त्याबद्दल

थोरल्या ताईस धाकट्या रुईचेनचा वाकून नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? खडीसाखर घालून उकडलेलं नासपती स्वतः खातेस ना, की सुनेलाच भरवतेस? इकडे मियानयांगला आम्ही सगळे मजेत. फक्त मी घाबरलेली आहे. म्हणजे तसं छापून आलंय.

त्याचं झालं असं. आम्ही चौघं अंगणात माजाँग खेळत होतो, तेवढ्यात मार्गो नावाच्या परदेशी वार्ताहर बाई आल्या. (आपली भाषा बोलतात, पण एकेक शब्द ताटात वेगळा वाढल्यासारखा.) "सरकारबद्दल तुमचं मत काय?" म्हणून त्यांनी मला विचारलं. नेमकं तेव्हा मी तिखटातल्या कोंबडीच्या पायाचं टोक चावत होते. मिरची घशात गेली, डोळ्यांतून धारा, तोंडातून अक्षर नाही. बाईंनी माझा हात हळूच दाबला, फोटो काढला, काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

ठसका गेल्यावर मात्र मी सुटले. म्हटलं, बीजिंगचं ठीक चाललंय. आपण रताळ्यांवर दिवस काढले, आज नातवाला मटण नको असतं. पण आमचं वॉर्ड ऑफिस! आमच्या इमारतीला सहा मजले, आम्ही अगदी वर, लिफ्ट नाही, आमच्या यांचे गुडघे गेलेले. आणि तळमजल्यावरचा पांग म्हातारा उजेड अडेल म्हणून लिफ्टला आडवा. ऑफिसातले शाओ साहेब म्हणतात, आपसांत मिटवा! त्यांच्या सात पिढ्यांचा मी तिथल्या तिथे उद्धार केला.

बाई म्हणाल्या, "पण लोकशाही हवी का?"

"हिला विचारा," डावात समोरच बसलेला पांग ओरडला, "बहुमताने माझी खिडकी बुजवायला निघालीय!" शेजारच्या श्यूए वहिनी म्हणाल्या, "मला हवी. आपलं मत मोजलेलं कुणाला नको?" त्यावर त्यांचा नवरा म्हणतो, "आधी घरात माझं मोज." तासभर कडाक्याचं भांडण झालं. वही मिटलेलीच.

पुढे यांच्या पुतण्याने फोनवर लेख वाचून दाखवला. माझा रडका फोटो, खाली ओळ : "भीतीने आजींच्या तोंडून शब्द फुटेना." दोनच दिवसांत शाओ साहेब संत्र्यांची पिशवी घेऊन, सहा मजले चढून, धापा टाकत दारात. "आजी, कुणाची भीती वाटते तुम्हाला?"

म्हटलं, "जिन्याची."

ताई, त्यांना दम लागलेला होता, त्यामुळे मुद्दा लगेच पटला. रविवारी अंगणात सभा भरली. मतं पडली, शिव्या पडल्या, कुणाची तरी कवळीही पडली. शेवटी लिफ्ट काचेची करायची ठरली, तेव्हा पांगनेही कुरकुरत हात वर केला. हे सगळं पाहायला बाई हव्या होत्या, पण त्या केव्हाच मायदेशी गेल्या होत्या. आमचे हे सध्या खाली लिफ्टसाठी खणलेल्या खड्ड्याकडे बघत बसतात, नातवंडाची वाट बघावी तसे.

सगळ्यांना आशीर्वाद. थंडीत जपून राहा.

तुझी रुईचेन

ता. क. : तुझे जावई परदेशात असतात ना, त्यांना सांगून त्या वर्तमानपत्राचा खरा अंक मागव. मजकूर कसाही असो, फोटो हवाय. लग्नातसुद्धा मी इतकी सुरेख दिसले नव्हते.

आणखी एक : निघताना बाईंनी एक शेवटचा प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी दिलं नाही, आणि पांगसुद्धा एकाएकी सगळ्यांना चहा ओतू लागला. काय विचारलं ते पत्रात नको. वसंताच्या सणाला येशील तेव्हा आपण दोघीच नदीकाठी फिरायला जाऊ.