भिंतीच्या कोरड्या बाजूकडून

तीर्थरूप दादास, भिंतीच्या अलीकडून साष्टांग नमस्कार. (नमस्कार खरोखरच साष्टांग घडला. कारण खाली येईल.) तब्येत विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, एरवी तुला खोकला झालाय आणि वहिनीची पाठ वळली की तू औषध कुंडीत ओततोस, हे मला ठाऊक आहे. कसं, तेच सांगायला बसलोय.

वाटणीत अंगणातला नळ तुझ्याकडे गेला आणि आपलं बोलणं बंद झालं. त्यात यंदा पावसाने पाठ फिरवली. तुझ्याकडे भोपळे फुगताहेत आणि माझ्याकडे जमिनीला अशा भेगा पडल्यात की चष्म्याचं घर एकीत गेलं ते गेलंच. गोगलगायी कुंपणाला चिकटून, तोंडाशी पापुद्र्याचं दार लावून बसल्यात. पाऊस येईपर्यंत कुणाचं तोंड बघणार नाहीत. (आपल्याच घराण्यातल्या असाव्यात.)

घरातही तीच कथा. बाइंडिंगला आलेली पुस्तकं बांधून ठेवावीत, तर सकाळी पुठ्ठे होडीसारखे वळलेले. एक गिऱ्हाईक मला विचारून गेलं की हे वाचायचं की पाण्यात सोडायचं. पावसाळ्यात फुगून अडणारं न्हाणीघराचं दार सुकून इतकं आखडलंय की कडीच पोचत नाही; आमची ही आत असली की सबंध वेळ मोठ्याने गाते, म्हणजे आपण समजायचं. परवा पुस्तकाची पाठ ठोकायला हातोडी उचलली, तर तिचाही दांडा सुकलेला. दांडा राहिला हातात आणि डोकं गेलं खिडकीतून थेट तुझ्या वेलावर. (पाखरांनी फोडला म्हणून ज्या भोपळ्याचा तू शोक करत होतास, तो हाच.) घाबरून वाकून बघायला गेलो, तर खुर्चीचे वाळलेले सांधे सुटले आणि मी वर सांगितल्याप्रमाणे साष्टांग.

पडल्या पडल्या टेबलाखालची भेग दिसली. मधल्या भिंतीत, चांगली बोटभर रुंद, आणि पलीकडे तुझे पाय, शेजारी ती औषध पिणारी कुंडी. मोजा एकाच पायात. उठायला हवं होतं, पण वहिनीने तुला जेवायला हाक मारेपर्यंत तसाच पडून राहिलो. बरं वाटलं रे.

मग इंजिनीअरला आणून दाखवलं. तो म्हणाला, चिकणमाती सुकली की आक्रसते. तुमच्या भावाची बाजू रोज भिजते, तुमची वाळते. म्हणून तुमचं अर्धं घर खचत खचत त्यांच्यापासून लांब चाललंय. असंच चाललं तर मधली भिंत कोसळेल. उपाय सोपा आहे, रोज थोडा वेळ नळी कुंपणावरून इकडे टाकायची. जमीन फुगेल, भेग मिटेल. तेव्हा दादा, नाक मुठीत धरून मागतोय, नळी दे.

वहिनीला नमस्कार. कुंडीबद्दल मी तिला काही बोलणार नाही, नळी मिळेपर्यंत तरी.

तुझा,
धाकटा

ता. क. हातोडीचं डोकं तेवढं परत कर. भोपळ्याचं वाईट वाटलं. (फार नाही.)

दुसरा ता. क. नळीची घाई नको. भिंत पडली तर पडली, नाहीतरी ती आपणच हौसेने घातलेली. पण भेग मिटली तर तुझा खोकला ऐकू येणार नाही, आणि हल्ली मला त्याशिवाय झोप लागत नाही.

तिसरा ता. क. पत्राला तिकीट नाही. भेगेतूनच सरकवतोय, तुझ्या पायाशी पडेल. उत्तर लिहीत बसू नकोस. मी इथेच फरशीवर आडवा आहे. नुसता खोकलास तरी चालेल.